कासवाच्या मानेची कातडी सुटतेय, पाठीवर पांढरे डाग. खोबरेल लावलं ते चुकलं का?

वाईकर_स्लाव, ११ जानेवारी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवट येईल, म्हणून सगळं लिहिते.

आम्ही इंग्लंडात स्लावला राहतो. शेजारी एक इंग्लिश आजी राहायच्या, वय ८८. सप्टेंबरात त्या केअर होममध्ये गेल्या. जायच्या आठवडाभर आधी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, तिथे कासव ठेवू देत नाहीत, तू सांभाळशील का? चौदा वर्षांचा शेजार. माझी मुलगी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून इंग्रजी वाचायला शिकली. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

कासवाचं नाव हर्बर्ट. १९६७ पासून त्यांच्याकडे आहे, म्हणजे माझ्यापेक्षा मोठा. तेव्हा बाजारात पेट्यांमध्ये एकावर एक रचून कासवं विकायला असायची, असं त्या सांगतात. त्याच्या पाठीच्या मागच्या कडेला पेन्सिल जाईल एवढं भोक आहे. बागेतून पळून जाऊ नये म्हणून दोरी ओवायला त्यांच्या यजमानांनी पाडलेलं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात गलबललं.

आता तक्रार. डिसेंबरच्या सुरुवातीपासून मानेची आणि पुढच्या पायांची कातडी राखाडी, कोरडी दिसायला लागली. मान बाहेर काढली की पापुद्रे सुटलेले दिसतात, कांद्याच्या सालीसारखे पातळ. पाठीवर पांढुरके डाग आहेत, मुख्यतः तुकड्यांच्या सांध्यांमध्ये. पोटाच्या बाजूला मला तरी काही वेगळं दिसत नाही, पण काय बघायचं तेच मला ठाऊक नाही.

सासूबाई ऑक्टोबरपासून आमच्याकडे आल्या आहेत. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, किती उललंय बिचाऱ्याचं अंग, तेल लाव." वाईला घाटावरच्या देवळात दर्शनाला जाताना त्यांनी आयुष्यभर दगडी कासवाला हात लावून मगच पुढे पाऊल टाकलंय. घरात जिवंत कासव आलं म्हटल्यावर त्यांनी त्याची सेवाच सुरू केली. रोज सकाळी बोटभर खोबरेल मान, पाय, पाठ सगळीकडे. आठ दिवस. पाठ चकचकीत दिसायला लागली तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. शिवाय आजींनी दिलेल्या सामानात ऑलिव्ह तेलाची बाटली होती आणि "महिन्यातून एकदा पाठीला" अशी चिठ्ठी होती. म्हटलं, त्यांचं ऑलिव्ह, आमचं खोबरेल.

आता पाठीवर तपकिरी चिकट थर बसलाय आणि मानेचे पापुद्रे जसेच्या तसे आहेत. गेले चार दिवस तो खातही कमी आहे. हा त्वचारोग आहे का? तेलाने झालं का? सासूबाईंना काय सांगू?

ब्रिस्टल_बाग, ११ जानेवारी

ताई, आधी तेल थांबवा, आजपासूनच. बाकीचं सावकाश बघू.

माझ्याकडे अकरा वर्षं हर्मन जातीची दोन कासवं आहेत. मी डॉक्टर नाही, माळीकाम करतो, त्यामुळे चूक असेल तिथे कुणीतरी सुधारा.

तेल का नको ते सांगतो. कासवाची पाठ म्हणजे जिवंत हाड, आणि वर आपल्या नखासारख्या पदार्थाचं पातळ आवरण. नखाला बाहेरून तेल चोळून ते आतून सुदृढ होत नाही. तेल वर राहतं, त्यात माती आणि विष्ठेचे कण चिकटतात. तुमचा तपकिरी थर तोच असणार. आणि खाली काही बिघडत असेल तर त्या थराखाली दिसत नाही, हे सगळ्यात वाईट. इथल्या जुन्या पिढीत पाठीला ऑलिव्ह तेल लावायची पद्धत सर्रास होती, तुमच्या आजींनी काही जगावेगळं केलेलं नाही. सासूबाईंनीही नाही.

भोकाचंही तसंच. त्या पिढीतल्या पुष्कळ कासवांना ते असतं. हाडातून ड्रिल जाताना त्याला लागलं असणारच. मोरोक्को, तुर्कस्तानातून जहाजं भरभरून कासवं इथे यायची, १९८४ साली ती आयात बंद झाली. हर्बर्ट त्यातलाच.

पांढरे डाग. तुम्ही थेम्सच्या खोऱ्यात आहात. तुमच्या किटलीत तळाला पांढरा थर बसतो ना? तोच पाठीवर बसतो. ओल्या बोटाने पुसून बघा: ओलं असताना डाग दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला तर बहुतेक क्षारच. पण खरवडलं की भुगा पडतो, खाली खड्डा लागतो किंवा वास येतो, तर ते क्षार नाहीत. खरवडायचं म्हणजे नखाने हळूच, चाकू-सुरी नको. व्हिनेगर आणि लिंबूही नको.

मानेचे पापुद्रे: कासव सापासारखी अख्खी कात टाकत नाही, तुकड्या-तुकड्यांनी टाकतं. मानेवर, काखेत, मांडीला असे पापुद्रे वर्षभर थोडेफार दिसतातच. खाली नवीन कातडी नीट असेल तर काळजी नाही. ओढून काढू मात्र नका. प्रश्न असा आहे की इतके एकदम का, आणि खाणं का कमी झालं. म्हणून मला त्याच्या घराबद्दल विचारायचंय.

१. कशात ठेवलाय? काचेच्या टाकीत की उघड्या टेबलात?
२. दिव्याखाली आणि दुसऱ्या टोकाला तापमान किती? अंदाज नको, मोजून सांगा.
३. अतिनील किरणांचा दिवा आहे का, आणि किती जुना?
४. हवेतली आर्द्रता किती?
५. काय खातो?
६. पाण्यात शेवटचा कधी बसवला?

आणि आज रात्रीच उलटा न करता, दोन्ही हातांत उचलून खालून नीट बघा. पोटाकडच्या कवचावर गुलाबी-लालसर छटा, तुकड्याखाली पाणी साचल्यासारखं, कुजका वास, दाबल्यावर मऊ लागणं, सुजलेले डोळे, कुठेही उघडं मांस. यातलं एक जरी असेल तर इथे वाचत बसू नका, उद्या व्हेटकडे. साध्या कुत्र्यामांजरांच्या नव्हे, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या.

जाता जाता: मांड्यांवर, शेपटीच्या दोन्ही बाजूंना एकेक टोकदार गाठ आहे का बघा. असेल तर तो स्पर-थाय जातीचा. शेपटीवरचा तुकडा मधून दुभागलेला आणि शेपटीच्या टोकाला नखासारखं काही असेल तर हर्मन.

वाईकर_स्लाव, १२ जानेवारी

दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. काल रात्री अकरा वाजता मी, नवरा आणि मुलगी टॉर्च घेऊन बसलो होतो. सासूबाई त्याला शेंगदाण्याच्या पोत्यासारखा धरू नका म्हणून ओरडत होत्या.

मांड्यांवर गाठी आहेत. स्पर-थाय.

काचेची टाकी आहे, ९० सेंमी लांब. दिवाणखान्यात रेडिएटरच्या शेजारी ठेवली होती, त्याला ऊब मिळावी म्हणून. खाली वर्तमानपत्र आणि त्यावर वाळकं गवत. तापमान दिव्याखाली २६, दुसऱ्या टोकाला २४. आर्द्रता मोजायचं यंत्र मुलीच्या शाळेच्या प्रकल्पातलं सापडलं: २७ टक्के. आकडा बघून मला रडू आलं. माझे स्वतःचे ओठ नोव्हेंबरपासून फुटलेत, रोज व्हॅसलीन लावते, आणि तो त्याच हवेत जमिनीपासून चार बोटांवर, रेडिएटरला टेकून बसलाय हे डोक्यातच आलं नाही.

दिवा आजींचाच आहे. नळीवर त्यांनी पेनाने तारीख लिहिलीय, त्याला सहा वर्षं होतील. लागतो, म्हणून मला वाटलं चालतोय. दिवसा टाकी खिडकीपाशी सरकवत होते, ऊन मिळावं म्हणून.

खाणं: लेट्यूस, काकडी, टोमॅटो, आणि सासूबाई आल्यापासून पालक आणि कोथिंबीर. पालक रोज. "हिरवी भाजी आहे, चांगलीच."

पाण्याची वाटी आहे, पण त्याला पाण्यात बसवायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे सप्टेंबरपासून एकदाही नाही.

पोटाकडचं कवच कडक आहे, लाल नाही. पाठीवरचे पांढरे डाग ओल्या बोटाने जातात आणि परत येतात. पण डाव्या मागच्या पायाच्या खोबणीत, जिथे पाय आत जातो तिथे, कातडी पिवळट आणि ओलसर आहे. तेल तिथे साचलं होतं. कापसाने टिपलं तर खाली लालसर दिसलं, आणि थोडा वास आहे. नाण्याएवढी जागा. मानेकडे बघत राहिले आणि इथे कधी बघितलंच नाही.

मिरज_पशुवैद्य, १२ जानेवारी

ताई, मी पशुवैद्य आहे. काही वर्षं वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात काम केलंय. फोटोवरून निदान करत नाही, तुमच्या वर्णनावरून तर नाहीच. पण ओलसर, लाल, वास येणारी जागा आणि त्यात खाणं कमी, हे थांबण्यासारखं नाही. या आठवड्यात नाही, उद्या दाखवा.

तोवर: ती जागा कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवा, स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करा. क्रीम नाही, हळद नाही, कुठलीही घरातली ट्यूब नाही. वर्तमानपत्र आणि गवत काढून साधे किचन टॉवेल घाला, रोज बदला. रेडिएटरपासून लांब. जाताना खोक्यात टॉवेल आणि कोमट पाण्याची पिशवी, थेट अंगाला लागणार नाही अशी.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. कोरडी कातडी म्हटलं की काही ठिकाणी 'अ' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. पानं खाणारं जमिनीवरचं कासव हिरव्या पाल्यातून ते स्वतः बनवतं, त्याला कमतरता क्वचितच होते. आणि इंजेक्शनचा डोस जास्त झाला तर काही दिवसांनी, साधारण दोनेक आठवड्यांत, आधी कातडी कोरडी पडते, मग फोड येतात, मग अक्षरशः सोलून निघते. मी असं एक कासव पाहिलंय, पुढचे दोन्ही पाय सोललेले. दोन महिने ड्रेसिंग करत होतो. इंजेक्शनची गोष्ट निघाली तर "याला याची गरज का आहे" एवढं नम्रपणे विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, ते अंगी लागत नाही. कधीतरी एखादं पान गेलं तर आकाश कोसळत नाही, पण रोज नको. आणि काचेतून आलेल्या उन्हात त्याला हवे ते किरण नसतात, खिडकीची काच आणि टाकीची काच दोन्ही ते अडवतात. सहा वर्षांची नळी उजेड देते, किरण नाही. ते किरण नसतील तर 'ड' जीवनसत्त्व बनत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम वाया जातं. कातडी ही त्यातली सगळ्यात वरची, दिसणारी गोष्ट झाली.

लघवीबरोबर पांढरा भाग येतो का? तो दह्यासारखा मऊ आहे की खरखरीत?

वाईकर_स्लाव, १२ जानेवारी

खरखरीत. रव्यासारखा. मला वाटलं वाळू खाल्ली असेल. उद्या साडेदहाची वेळ मिळालीय, पाऊण तासाच्या अंतरावर.

मिरज_पशुवैद्य, १२ जानेवारी

मग अंगात पाणी कमी आहे, हे जवळजवळ नक्की. डॉक्टरांना "रव्यासारखा" हेच सांगा, त्यांना लगेच कळेल.

कोथरूड_२२, १४ जानेवारी

हा धागा वाचून लिहायचं धाडस करतोय. आमच्याकडे पुण्यात एक स्टार कासव आहे. मी शाळेत असताना वडिलांच्या एका मित्राने वास्तूसाठी शुभ म्हणून आणून दिलं होतं. त्याच्याही पायांची कातडी अशीच पांढरी पडलीय आणि एका डोळ्यावर सूज आहे. डॉक्टरांकडे न्यायची भीती वाटते, कारण हे ठेवणं बेकायदा आहे असं ऐकलंय. घरीच काही करता येईल का? मला 'अरे' म्हटलंत तरी चालेल, मी बावीस वर्षांचा आहे.

मिरज_पशुवैद्य, १४ जानेवारी

अरे, विचारलंस हे फार चांगलं केलंस.

ऐकलंस ते खरं आहे. स्टार कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. घरात पाळता येत नाही, विकत घेता येत नाही, भेट देता-घेता येत नाही. गुजरात-राजस्थानच्या आणि आंध्र-तमिळनाडूच्या कोरड्या झुडपी रानांतून ही कासवं पिशव्या भरून उचलली जातात. प्रवासात किती मरतात ते मी टेबलावर पाहिलेलं आहे.

घरचा उपाय मी सांगणार नाही, कारण सुजलेल्या डोळ्याला तो नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे फोन कर. कधीपासून आहे, कसं आलं, आता आजारी आहे, हे सरळ सांग. वडिलांना बरोबर घे, एकट्याने करू नकोस. वाटल्यास आधी एखाद्या वकिलाशी बोलून घ्या. माझा अनुभव असा की स्वतःहून आजारी प्राणी घेऊन येणाऱ्या माणसाकडे आणि पिशवीत पन्नास कासवं सापडलेल्या माणसाकडे एकाच नजरेने बघत नाहीत. पण कुणाच्या वतीने वचन मी देऊ शकत नाही.

एक मात्र हात जोडून सांगते. भीतीपोटी त्याला टेकडीवर किंवा देवळाच्या तळ्यात सोडू नकोस. हे जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही, ते बुडून मरतं. तळ्यात "सोडलेली" दोन स्टार कासवं माझ्याकडे आली होती, दोन्ही गेली.

कोथरूड_२२, १४ जानेवारी

बाबांशी आज रात्री बोलतो.

वाईकर_स्लाव, २२ फेब्रुवारी

उशीर झाला, माफ करा. पण आता सांगण्यासारखं काही आहे.

डॉक्टरीणबाई फार चांगल्या भेटल्या. वजन केलं, १,६४० ग्रॅम. मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, विष्ठा तपासली, खोबणीतल्या जागेचा नमुना पाठवला. मूत्रपिंडाचे आकडे थोडे वर होते, पाणी कमी पडल्यामुळे. नमुन्यात बुरशी नव्हती, जिवाणूंचा संसर्ग होता. नेहमी घडीत राहणारी जागा, त्यात तेल, त्यात ओलसर घाण, त्यातून झालं असावं असं त्या म्हणाल्या. पातळ केलेल्या क्लोरहेक्सिडिनने (जंतुनाशक) दिवसातून दोनदा धुणं आणि दहा दिवस इंजेक्शनं, ती मी घरीच द्यायला शिकले. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते, मुलीने त्याला धरला. जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचा विषयच निघाला नाही. मी तरी विचारलं, तर हसून म्हणाल्या, याला पाणी हवंय, उजेड हवाय, दुसरं काही नकोय.

कागदपत्रांची मला धास्ती होती. त्यांनी सांगितलं, विकायचा असेल तर परवाना लागतो, सांभाळायला दिलेल्या कासवाला नाही. आजींकडून चार ओळी लिहून घेतल्या तेवढ्या जपून ठेवा म्हणाल्या.

घरी आल्यावर पहिली आंघोळ. प्लॅस्टिकच्या घमेल्यात कोमट पाणी, वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत. तो दोन मिनिटं तसाच बसला. मग मान लांब केली, तोंड पाण्यात घातलं आणि प्यायला लागला. गळा हलताना दिसत होता. मी घड्याळ लावलं होतं: सात मिनिटं न थांबता. सासूबाई घमेल्याशेजारी पाटावर बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर पहिले दोन आठवडे रोज वीस मिनिटं, आता आठवड्यातून तीनदा. आंघोळीनंतर मऊ फडक्याने पाठ पुसून घेते, त्यामुळे पांढरे डाग बसत नाहीत. तेलाचा थर मऊ टूथब्रशने नुसत्या कोमट पाण्यात, रोज थोडा थोडा काढला, घाई केली नाही. जवळजवळ तीन आठवडे लागले. खाली पाठीचा रंग निघाला तो मधासारखा पिवळा आणि काळा. आम्हाला वाटत होतं तो तपकिरीच आहे.

टाकी गेली. नवऱ्याने जुनं पुस्तकांचं कपाट आडवं करून त्याचं उघडं टेबल बनवलं, सव्वा मीटर बाय साठ सेंमी. आत खत नसलेली माती आणि वाळू, वीतभर खोल. दादा, तुम्ही मला वेगळ्या निरोपात सांगितलंत तसं पाणी वरून न शिंपडता कोपऱ्यांत ओतते, म्हणजे खालची माती ओलसर राहते आणि वरची कोरडी. तो संध्याकाळी स्वतः खणून आत शिरतो, सकाळी मानेवर ओलसर माती घेऊन बाहेर येतो. खणलेल्या जागी यंत्र ठेवून पाहिलं, ७० टक्के दाखवतं, वर ४५ ते ५०. दिव्याखाली आता ३३, दुसऱ्या टोकाला २०. नवीन नळी लावली, तिच्यावर मीही पेनाने तारीख लिहिलीय, वर्षाने बदलायला. आधीचा छोटा तीव्र बल्ब अगदी जवळ टांगला होता, पाठीच्या एकाच जागेवर झोत पडायचा, तो काढून रुंद उजेडाचा लावला. डॉक्टरीणबाईंच्या मते पाठीच्या मधल्या दोन तुकड्यांचा कोरडेपणा त्या झोताचाच होता.

खाण्याचं सासूबाईंनी अंगावर घेतलंय. त्यांना सांगितलं की जास्वंदीची पानं आणि फुलं दोन्ही त्याला चालतात, तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. "गणपतीचं फूल खातोय!" घरातली कुंडीतली जास्वंद फवारणी न केलेली आहे, मी स्वतः बियांपासून नाही, पण फांदीपासून तीन वर्षांपूर्वी लावलेली. त्या रोज दोन पानं मोजून काढतात. बाकी डँडेलियन (पिवळ्या फुलांचं रान), प्लँटेन (केळ नव्हे, फुटपाथकडेला उगवतं ते रान), वाळवलेल्या पाल्याचं मिश्रण भिजवून, आणि वर चिमूटभर कॅल्शियमची पूड. पहिले चार दिवस त्याने टोमॅटोसाठी हट्ट केला, ताटाकडे पाठ करून बसला. पाचव्या दिवशी खाल्लं.

वजन काल १,७३५. पांढरा भाग आता मऊ. खोबणीतली जागा भरून आलीय, नवीन कातडी गुलाबी नाही, फिकट राखाडी आहे, तीच बरोबर असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मानेचे पापुद्रे अजून सुटतात, पण थोडे, आणि खाली चांगली कातडी दिसते. आता मी त्या पापुद्र्यांना हात लावत नाही.

सासूबाईंना तेलाबद्दल काय सांगू, असं मी पहिल्यांदा विचारलं होतं. मला काही सांगावं लागलं नाही. डॉक्टरीणबाईंनी ती जागा दाखवली तेव्हा त्या शेजारीच उभ्या होत्या. घरी येऊन त्यांनी खोबरेलाची बाटली उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवली. मी म्हटलं, आई, मीही रोज बघत होते, मीही थांबवलं नाही. त्या दिवसापासून इंजेक्शनच्या वेळी त्या त्याच्या पाठीवर हात ठेवून बसायच्या.

मागच्या रविवारी त्याला खोक्यात घालून आजींना भेटवून आणलं. त्यांच्या मांडीवर टॉवेल घालून ठेवला. त्यांची बोटं आता नीट उघडत नाहीत, पण त्या भोकापाशी बोट नेऊन बराच वेळ थांबल्या. मग विचारलं, "तेल लावतेस ना गं त्याला?" मी म्हटलं, त्याची काळजी घेतेय. त्याहून जास्त मला सांगवलं नाही.

आता एक प्रश्न. बाहेर बागेत कधी सोडू? सासूबाईंचं तिकीट १० एप्रिलचं आहे. त्याला गवतावर चालताना बघून जायची त्यांची फार इच्छा आहे.

ब्रिस्टल_बाग, २३ फेब्रुवारी

ताई, सात मिनिटं पाणी प्यायला हे वाचून माझीही मान खाली गेली. माझ्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, आणि माझी एक मादी त्यात गेली. इथे कधी लिहिलं नव्हतं.

बाहेर सोडायचं तर कॅलेंडर नको, थर्मामीटर बघा. हिवाळाभर तो उबेत आहे, शीतनिद्रेत गेला नाही, त्यामुळे एकदम गार हवेत नको. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लख्ख ऊन, वारा नाही आणि सावलीत १७-१८ च्या वर, असा एखादा दिवस मिळाला तर दुपारी बारा ते दोन, तासभर चालेल. सासूबाईंसाठी तेवढं पुरे. आधी घरात दिव्याखाली तापू द्या, मग बाहेर. ढग आला की आत. रात्री मात्र मे संपेपर्यंत घरातच, आपल्याकडे मेच्या मध्यापर्यंतही कधी कधी दहिवर गोठतं.

कडेने लाकडी फळी लावा, आरपार दिसणारी जाळी नको. दिसलं की तो तिथून जायचा प्रयत्न करत राहतो आणि नाक, पुढचे पाय सोलवटून घेतो, पुन्हा तुम्ही कातडीचा प्रश्न घेऊन इथे याल. फळी जमिनीत वीतभर पुरा, हे खणणारे आहेत. वर जाळी हवीच, कोल्ह्यांसाठी. एका कोपऱ्यात सावली, एका कोपऱ्यात उथळ पाण्याची थाळी.

खोबणीतली जागा बाहेरच्या दिवसांत रोज बघा. उन्हाळ्यात माश्या अशा जागी अंडी घालतात, कातडी अजून नाजूक असेल.

आणि तो कोपरा ठरवायच्या आधी केअर होमला फोन करून आजींना विचारा, गेल्या दोनेक वर्षांत हिरवळीवर तणनाशक किंवा शेवाळ मारायचं औषध मारलं होतं का, त्यांच्या बाजूला आणि तुमच्याही. वाऱ्याने कुंपण ओलांडतं ते. मारलं असेल तर यंदा तिथलं डँडेलियन तोडू नका, कुंडीत नव्या मातीत बी टाका. सहा ते आठ आठवड्यांत पानं येतात, म्हणजे आज टाकलंत तर सासूबाई जायच्या आत पहिली पानं त्यांच्याच हातून जातील.